तीन मंगळवार

रिसीव्हर कानाला, डाव्या हाताचं एक बोट हवेत. म्हणजे आपण गप्प बसायचं. मग डोळे मोठे करून ते हळूच सांगायचे, "वाजतोय!"

पलीकडून कोणी 'हॅलो' म्हणेपर्यंत ते खुर्चीत टेकत नसत. फोनची वायर जेवढी लांब, तेवढ्या येरझाऱ्या. आपल्या ओळखीत अशी माणसं असतात. ती आली की घरातली भांडीसुद्धा जागी होतात.

गंगापूर रोडवरच्या घराच्या पुढच्या खोलीत ते नाशिकपुरतं एक संकेतस्थळ चालवत. 'प्लंबर' लिहा, 'हार्मोनियम दुरुस्ती' लिहा, नाव आणि नंबर समोर. लोक सायबर कॅफेत तासावर बसत तेव्हाची ही गोष्ट. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून नुकताच निवृत्त झालो होतो. नावं, पत्ते तपासायला त्यांनी मला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी माझं नाव टाकून दिलं. मी 'ग्रंथपाल' झालो.

"ग्रंथपाल, आज लोकांनी काय शोधलं बघा," म्हणत ते यादी पुढे करत. ज्या शोधाला आपल्याकडे उत्तर नव्हतं, तो त्यांना काट्यासारखा सलायचा. कोणी 'पितळी भांड्यांना कल्हई' शोधलं, की हे लगेच स्कूटरवर. दुपारी घामाघूम होऊन परतत, खिशात कल्हईवाल्याचा नंबर.

दुसरी संकेतस्थळंही ते रोज उघडून बघत. तिथले नंबर फिरवत, लागले नाहीत की खूश होऊन सांगत, "यांच्याकडे मेलेली माणसं फार आहेत हो!"

आमच्याकडे मेलेलं कोणी राहू नये म्हणून दर मंगळवारी फोन व्हायचे. तीनदा लावायचा, उचलला नाही की नाव खोडायचं. ते फिरत फिरत फोन लावत, न उचललेल्या प्रत्येक फोनला मी वहीत एक फुली मारी. आतून वहिनी विचारत, "सगळ्या नाशिकशी बोलून झालं असेल, तर जरा कुकर बंद करता का?"

असंच आम्ही एक नाव खोडलं. विहिरीच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस. एकाच सकाळी तीनदा फोन, तीन फुल्या, नाव गेलं. महिन्याभराने तो दारात उभा. भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, हरसूलला गावी घरी गेला होता, दुकान बंद. परत आला तर गिऱ्हाइकांचे फोनच थांबलेले.

"साहेब, मी जित्ता हाय," तो म्हणाला. "माझं तेरावंबी उरकलं का तुमी?"

मी हसलो. ते हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एका जागी उभं पाहिलं. त्यांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, त्याच्यासमोर त्याचं नाव पुन्हा चढवलं, स्वतः चहा आणून दिला. तो गेल्यावर म्हणाले, "ग्रंथपाल, जिवंत माणूस खोडला आपण." त्या दिवसापासून नियम बदलला. तीन फोन, पण तीन वेगळ्या मंगळवारी. "माणूस गावी असतो, आजारी असतो, रुसलेला असतो. त्याला वेळ द्यायचा."

पुढे मोठ्या शहरांतली मोठी संकेतस्थळं नाशिकमध्ये आली. त्यांच्याकडे फोन करायला पगारी मुलींची रांग. आमची यादी मागे पडत गेली. यांचा पाय मात्र टेबलाखाली हलतच राहिला. "संख्या त्यांची, माणसं आपली," म्हणायचे, आणि पुढचा नंबर फिरवायचे.

एका रविवारी, बागेत फिरताना, ते गेले. दवाखान्यात पोचेपर्यंतही थांबले नाहीत.

यादीत 'संकेतस्थळ' या शब्दाखाली एकच नाव आहे, त्यांचं, पुढे मोबाइल नंबर. नंतरच्या मंगळवारी वही उघडून मी नेहमीसारखे फोन लावत गेलो आणि त्यांच्या नावापाशी आलो. लावला. आतल्या खोलीतून रिंग ऐकू आली. वहिनींनी मोबाइल चार्ज करून ठेवला होता. त्यांनी तो उचलला नाही, बंदही केला नाही. मी एक फुली मारली.

दुसऱ्या मंगळवारी दुसरी.

तिसऱ्या मंगळवारी वहिनी चहा ठेवून दारातच थांबल्या. मी कल्हईवाल्याला फोन केला, हार्मोनियमवाल्याला केला. हरसूलच्या माणसालाही केला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. "हाय, हाय, जित्ता हाय," म्हणाला.

मग मी वही मिटली. त्यांच्या नावापुढे अजून दोनच फुल्या आहेत.