रेसर सायकल आणि मुरगूडचा कागद

बाळांनो,

तुमच्या आईचं पत्र परवा आलं. थोरल्याला तिकडे एक जुनी रेसर सायकल स्वस्तात मिळते आहे आणि घ्यावी की नाही हे ठरत नाही, असं तिनं लिहिलंय. शेवटी एक ओळ आहे, ‘मुलांना म्हटलंय, आजीला विचारा, तिच्याकडे यादी आहे.’ यादी आहे. पण ती पाठवायची तर तिच्याबरोबरची हकीकतही पाठवायला हवी. ती मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेली नाही. आता लिहिली नाही तर राहून जाईल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची आई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिला वाकड्या हँडलची रेसर हवी होती, आणि त्या सायकलनं जोतिबाचा चढ चढायचा होता. नवी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. माझी शाळेची सायकल दहा-अकरा वर्षं तेच बघत. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा यायचा, दिवाळीत त्याच डब्यातून आमच्या करंज्या जायच्या. हे मी शाळेत थोडं मिरवतही असे.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. दुकानात निळी रेसर उभी होती. किंमत दीडशे रुपये, म्हणजे नवीच्या निम्म्याहूनही कमी.

मी लगेच हो म्हणणारी नव्हते. शाळेच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर मी सात मुद्दे लिहून काढले आणि दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन गेले. सांध्यांवरून नख फिरवलं, रंगाखाली तडा लागतो का ते पाहायला. पुढचं चाक धरणारा चिमटा समोरून सरळ आहे का पाहिलं. मिस्त्रींनी सायकल उलटी करून चाकं फिरवली. मागचं चाक जरा डगमगत होतं, तो ‘आऊट’ त्यांनी माझ्यासमोर काढला. चेन, ब्रेक, तुमच्या आईचा पाय जमिनीला टेकतो की नाही, सगळं झालं. सहा मुद्द्यांपुढे बरोबरची खूण झाली.

सातवा मुद्दा होता, ‘मालक कोण? इतकी स्वस्त का?’

“मुरगूडचा पावणा हाय, बाई,” मिस्त्री म्हणाले. “गुडघा दुखावलाय त्याचा. इकायला ठेवून गेलाय.”

मी पावती मागितली. जुन्या सायकलीची पावती कुठली, माणूस वळखीचा हाय की, असं ते हसून म्हणाले. सायकलीवर नगरपालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला होता, तोही मुरगूडचा. म्हणजे ते सांगत होते तेच बिल्ला सांगत होता. पण माझं डोकं उलटं चाललं. बाहेरगावची सायकल, कागद नाही, किंमत इतकी कमी. ही चोरीची तर नसेल?

तेव्हाच त्यांना तोंडावर विचारायला हवं होतं. मी ‘उद्या सांगते’ म्हणाले आणि घरी आले. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील हवालदार होते. ते शाळेत भेटले तेव्हा मी त्यांना सायकलीबद्दल सांगितलं आणि म्हटलं, माझं नाव न घेता जरा सहज बघा. दुकान एखाद्या जोश्याचं किंवा पाटलाचं असतं, तर मी हवालदाराकडे गेले नसते. हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं आणि मी ते बाजूला सारलं.

हवालदारांनी सहज बघितलं नाही. शुक्रवारी सकाळी ते गणवेशात दुकानावर आले आणि मिस्त्रींना सायकलीसकट चौकीवर घेऊन गेले. चौकी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होती, मिस्त्री सायकल हातात धरून पूर्ण गल्लीतून चालत गेले. लोक दारात येऊन बघत होते. मी खिडकीशी होते. मी खाली उतरले नाही. दुपार उलटून गेली तरी त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांची जुम्म्याची नमाजही चुकली. मालकाचं लिहून आणा, मग सायकल सोडतो, असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

शनिवारी दुकान बंद होतं. ते एसटीनं मुरगूडला गेले होते. रविवारी सकाळी सायकल घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील.

“बाई, दोन दिस उशीर झाला, माफ करा,” ते म्हणाले. “पोरीनं वाट बघितली आसंल. कुणीतरी चौकीत खबर दिलती.”

मग खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. “ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. उद्या पोरीला कुणी आडवलं, तर दाखवायला बरा.”

तुमची आई फार चिडली. ते गेल्यावर मला म्हणाली, “इतक्या चांगल्या माणसाची खबर कोण देईल ग?”

“असतात लोक,” मी म्हणाले.

तो कागद मी दुपारी उघडला. सायकल माझीच आहे, मी ती मिस्त्रींमार्फत दीडशे रुपयांना विकत आहे, असं मालकानं लिहिलं होतं. मिस्त्रींनी मला सांगितलेली किंमतही तीच. मधे त्यांनी स्वतःसाठी काही ठेवलंच नव्हतं. मुलगी बाईंची आहे म्हणून. सायकल स्वस्त वाटली, त्यातला काही भाग हाच होता.

मी पैसे जास्त देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पुढे ते बारा-तेरा वर्षं आमच्या सायकली बघत राहिले. ईदला डबा येत राहिला. मी तो घेत राहिले. सांगायचं दर वर्षी ठरवत होते. मग ते वारले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तिथेही बोलले नाही. त्यांना ठाऊक होतं का, मला माहीत नाही.

तुमची आई त्या सायकलनं दोनदा जोतिबाला गेली. तिच्या लग्नानंतर ती सायकल मी विकली.

यादी सोबत पाठवते आहे. पहिले सहा मुद्दे तपासा. सातवा विकणाऱ्यालाच विचारा, त्याच्या तोंडावर. हे पत्र तुमच्या आईलाही वाचायला द्या.

आता दुकान नाही, सायकल नाही. मुरगूडचा कागद माझ्या फायलीत आहे. घडीवर तो फाटला आहे, पण मालकाची सही आणि तिच्याखाली मिस्त्रींचा अंगठा अजून दिसतो.