कापसाच्या खोलीसमोरची घोडी

नोकरीत भुताखेतांच्या तक्रारी पुष्कळ आल्या, आणि प्रत्येक भुतामागे हाडामांसाचा कोणीतरी लबाड निघाला. एक प्रकरण मात्र असं आहे की आठवलं तरी आजही अंगावर काटा येतो. लबाड त्यातही होते, सापडलेही. पण एका संध्याकाळी एका घराच्या परसात मी जे पाहिलं, ते दोषारोपपत्रात कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

मी तेव्हा घाटंजीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कापसाचे ते वाईट दिवस. भाव चढेल या आशेवर लोकांनी राहत्या घरातली एकेक खोली कापसानं आढ्यापर्यंत भरून ठेवली होती. विषाच्या बाटलीशेजारी माणूस सापडला की आम्ही मर्ग दाखल करायचो, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. पुढे पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा प्रयोगशाळेकडे, की फाईल कपाटात. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की वर्दी द्यायला आलेल्या माणसानं तोंड उघडायच्या आधीच आमचे हवालदार विचारायचे, "घेतलं काय?"

वैशाखात एका सकाळी अशीच वर्दी आली. गावाबाहेरच्या कोरड्या नाल्यात माणूस पडलेला, उशाशी फवारणीच्या औषधाची बाटली. मी बंदोबस्तावर होतो, पंचनामा हवालदारांनीच उरकला. दुपारी मी थेट दवाखान्यात पोचलो.

मेलेला माणूस शेतकरी नव्हता. वरातीच्या घोड्या शिकवून तयार करणं हा त्याचा धंदा. अशा माणसाला चाबूकस्वार म्हणतात, पण याच्या हातात चाबूक कधी कोणी पाहिला नव्हता. जीभ टाळूला लावून टक्-टक् करायचा आणि म्हणायचा, "पाय दे माय, पाय दे." मग घोडी पुढचा पाय उचलून धरायची.

त्याची बायको दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती. डोळे कोरडे ठक्क. गावच्या बाया चार हात लांब उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. मला म्हणाली, "काल सकायी भांडून गेलता सायेब. मीच म्हटलं, जा मर. म्हणून घेतलं असन काय त्यानं?"

मी आत गेलो. तोंडाला, सदऱ्याला औषधाचा उग्र वास होता. छातीवर काळानिळा डाग होता. डॉक्टर म्हणाले, नाल्यात दगडावर पडला असेल. पण त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. उघडून पाहिली तर आत कापूस, सरकीसकट.

"हा कुठून आला?" मी हवालदारांना विचारलं.

"सायेब, यवतमाळ जिल्हा हाय. इथं कापूस कुठून आला म्हणून कोणी विचारते काय?"

विनोद चांगला होता, पण मला हसू आलं नाही. वैशाखात शेतं नांगरून उघडी पडलेली असतात, नाल्यात तर बोंडाचं नाव नाही. त्या दिवसांत कापूस असतो तो घरात, कुलपाआड.

आदल्या दिवशी हा माणूस गावातल्या एका बड्या घरी मुलीच्या लग्नाला घोडी घेऊन निघाला होता. मी मुलीच्या बापाला ठाण्यात बोलावलं. माणूस पांढराशुभ्र, बोलणं मधात घोळवलेलं. म्हणाला, "घोडी आलीच नाई न सायेब. वाट पाहू पाहू शेवटी नवरदेव जीपमधी आणला. या दिवसांत कोण कायले जीव देते, कोणाच्या पोटातलं कोणाले मालूम?" इकडचं तिकडचं विचारून झालं, चहा झाला, नमस्कार करून गेला. माझ्या हातात मूठभर कापसाशिवाय काही नव्हतं.

दोन-चार दिवसांनी शेजारच्या तांड्यावरचा एक म्हातारा ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. घोडी त्याची. पिढ्यान्पिढ्या बैलांच्या पाठीवर माल वाहणाऱ्यांतला. आता शेती करायचा आणि वरातीला घोडी द्यायचा. जुनी घोडी त्याच वर्षी मेली होती, ही नवी त्यानं चाबूकस्वाराकडे शिकायला ठेवलेली.

"कच्ची होती सायेब," म्हातारा म्हणाला. "पाय उचलनं शिकली होती, पन फटाक्याले बिचकत होती. आमच्यात रीत हाय. वस्ताद 'झाली' म्हनत नाई तोवर जनावर वरातीले द्याचं नाई. पन त्या घरचा मानूस दारात आला, मुलीचं लगन हाय, उसनी दे म्हने. एवढ्या मोठ्या मानसाले नाई कसा म्हनू? मी हो म्हटलं. वस्ताद लय चिडला. मग म्हने, दिलाच हाय शब्द तं मी संग जातो, लगाम सोडनार नाई."

"मग आता काय झालं?"

म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं, जणू घोडी ऐकत असावी. "घोडी तं रातीच घरी आली, एकटी. पन आता दिवस कलला का दावं तोडते. थेट त्या लग्नघराच्या मांगं जाऊन उभी राह्यते. ते लोक गोटे मारते, तरी हालत नाई. जे घर तिनं पाह्यलंच नाई म्हनते, तिथं ते काहून जाते सायेब? तांड्यावरचे म्हनते, वस्ताद बलावते तिले."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. भूत वगैरे मी मानत नाही. पण जनावर न पाहिलेल्या ठिकाणी जात नाही, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना दोन पंच, हवालदार आणि मी तांड्यावर गेलो. म्हाताऱ्याला सांगितलं, दावं सोड आणि मागून चल, हाकू नको. पांढरी, किडकिडीत घोडी. इकडेतिकडे न बघता ती शेतांमधल्या पांदणीला लागली. बाभळीला तोंड लावलं नाही, पाण्याशी थांबली नाही. आम्ही पोलीस खात्याची माणसं, एका जनावराच्या मागे मुकाट चाललो होतो.

लग्नघराच्या परसात एका बंद खोलीसमोर ती थांबली. दाराला कुलूप. तिनं कान टवकारले आणि दाराकडे रोखले. मग डावा पाय उचलला, उचलून धरला, खाली ठेवला. थोड्या वेळानं परत उचलला. कोणी टक्-टक् केलं नव्हतं. कोणी बोललंही नव्हतं. मांडवाचे वाळके आंब्याचे डहाळे तेवढे वाऱ्यावर खुळखुळत होते. आत कोणीतरी बोलतंय आणि फक्त तिलाच ऐकू येतंय, असं ते ऐकणं होतं. माझ्या शेजारी हवालदार पुटपुटले, "राम राम राम."

आमची चाहूल लागून घरचे बाहेर आले. मुलीचा बाप ओरडला, "हाकला तिले!" घोडीनं पुन्हा पाय उचलला. तेवढ्यात मागून एक बाई किंचाळली. मुलीची आत्या, पिकल्या केसांची विधवा. तिनं दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.

"अशीच करत होती वो माय, त्या दिवशी अशीच करत होती! तो आतून पाय दे, पाय दे म्हने अन् हे बाहेर पाय उचले!"

"आक्का, गप!" बाप बहिणीवर खेकसला.

"काय गप? गपच तं राह्यलो आपण सारे!"

मी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि तिचा जबाब तिथंच सुरू केला. परसात घोडी सजवत असताना पुढच्या दारी फटाक्यांची लड उडाली. घोडी उधळली. चाबूकस्वारानं कबूल केल्याप्रमाणे लगाम सोडला नाही, आणि टाप छातीवर बसली, तोंडातून रक्त आलं. तो जिवंत होता, बोलत होता. पण वरात वेशीवर आलेली. परसात रक्त सांडलं असं कळलं तर अपशकुन मानून वऱ्हाडी नवरदेवाला घेऊन परत फिरतील, पोरगी हळदीच्या अंगानं घरात राहील, ही बापाची भीती. म्हणाला, अक्षता पडू द्या, मग दवाखान्यात नेऊ. गड्यांनी त्याला कापसाच्या खोलीत निजवलं आणि कडी लावली. अक्षतांनंतर पंगती, पंगतींनंतर पाठवणी.

"आवाज कोणालाच गेला नाही?" मी विचारलं.

"कापूस आवाज पिते ना सायेब. अन् बाहेर बँड. मी दाराशी गेलती म्हणून मले आला. पहिले मानसाईले हाका मारत होता. कोणी येईना तं घोडीले हाका मारू लागला. दाव्याले बांधेल होती ते, बिचारी कशी येईन? पाय उचले."

पाठवणी झाल्यावर दार उघडलं तेव्हा तो गेला होता. मग बापाला सुचलं, की या दिवसांत बाटलीशेजारी पडलेल्या माणसाबद्दल कोणी जास्त विचारत नाही; गड्यांनी रात्रीच रक्त पुसलं, तोंडात औषध ओतलं आणि त्याला नाल्यात नेऊन टाकलं. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत भयंकर वाटतो तो बापाचा हा हिशेब, कारण तो जवळजवळ बरोबर होता.

कुलूप उघडून खोलीचा पंचनामा केला. कापसाच्या ढिगात माणसाच्या मापाचा खळगा अजून तसाच होता. खालच्या थरातला रक्ताळलेला कापूस पंचांसमक्ष सीलबंद केला. पुढे व्हिसेराचा अहवालही आला: विष तोंडात होतं, पोटात नव्हतं. मर्गाचा गुन्हा झाला. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे. बाप आणि गडी आत गेले.

खात्यात नव्या पोरांना मी एकच सांगत आलो. गुन्हेगार सुटला तर वाईटच, पण मेलेल्याच्या नावावर भलतंच मरण लिहिलं गेलं तर मागे राहिलेलं माणूस ते जन्मभर उरावर घेऊन जगतं. म्हणून "घेतलं काय?" असं विचारायचं नाही. "काय झालं?" एवढंच विचारायचं, आणि मग गप्प बसून ऐकायचं.

अटक झाली त्याच दिवशी मी चाबूकस्वाराच्या घरी गेलो. बायको चुलीपुढे बसली होती, दारात शेजारणी. मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हाका मारत होता?"

"हो. शेवटपर्यंत."

"म्हणजे त्याले जगाचं होतं."

"हो बाई. फार जगायचं होतं."

ती उठली, दारापर्यंत आली, आणि त्या बायांच्या देखत तिनं पहिल्यांदा हंबरडा फोडला.