मालतीबाईंचे पत्र्याचे पिंप आणि रविवारची हाक

मालतीबाई गावस यांना मी पहिल्यांदा पाहिले ते तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्याच्या फाटकावर. गोवा घटक राज्य होऊन काही वर्षे झाली होती आणि मी तिथे वायरमन होतो. डिचोलीच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाई बस बदलत बदलत आल्या होत्या आणि कडीने झाकण आवळता येईल असे पत्र्याचे रिकामे पिंप विकत मागत होत्या. रखवालदाराने विचारले, "पीठ दवरूंक काय गे बाय?" बाई म्हणाल्या, "ना रे. रेडियो दवरूंक." पीठ नव्हे, रेडिओ ठेवायला. तो हसला. मी हसलो नाही, एवढ्यावरून बाईंनी मला जवळ बोलावले आणि सगळे समजावून सांगितले.

अणुबॉम्ब जमिनीवर पडतो, इतकेच मला ठाऊक होते. बाई म्हणाल्या, तो आकाशात फार उंचावर फुटला तर खाली धक्का नाही, आग नाही. पण एका क्षणात विद्युतचुंबकीय लाट येते, विजेच्या आणि टेलिफोनच्या लांब तारांतून आत घुसते आणि नाजूक यंत्रे जाळते. मग इस्पितळाला, मुरगाव बंदराला, घरच्यांना कळवायचे कसे? त्यासाठी एक रेडिओ संच सगळ्या तारांपासून सोडवून, पुठ्ठ्याच्या अस्तरात ठेवून, चहूबाजूंनी बंद असलेल्या धातूच्या पिंपात सांभाळायचा. वेळ आली की तो बाहेर काढायचा, दोन माडांमध्ये तार ताणायची, बॅटरी जोडायची आणि बोलायचे.

बाईंकडे हौशी रेडिओचा परवाना होता. मला, केरीच्या एका होडीवाल्याला आणि आणखी काही जणांना त्यांनी मागे लागून त्याच परवान्याच्या परीक्षेला बसवले. डिचोलीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचे मुख्य केंद्र सुरू झाले. दर रविवारी सकाळी आम्ही आपापल्या घरचा मेन स्विच बंद करायचो. बाई एकेकाचे नाव पुकारत आणि ज्याने त्याने बॅटरीवर उत्तर द्यायचे.

त्या काळात मराठी की कोकणी यावरून भावाभावांत बोलणे तुटत होते. आमच्यातही निरोपाची भाषा कोणती यावर तंटा झालाच. एकदा सरावात होडीवाल्याने निरोप दिला, "आवयक सांग, हांव बरो आसां." आमच्यातल्या एका मास्तरांनी तो "मातोश्रींस कळवा, प्रकृती उत्तम आहे" असा करून पुढे धाडला. बाईंनी त्यांना थांबवले. म्हणाल्या, "मास्तर, यातून त्या आवयला आपला झील, आपला मुलगा, ओळखू येईल का?" तेव्हापासून ज्याचा निरोप त्याच्याच शब्दांत पोचतो आणि तो तंटा आमच्यापुरता मिटला.

खरी कसोटी पुढे आली. वाचनालयाच्या समितीला ती खोली संगणक वर्गासाठी हवी होती. खोली गेली तर केंद्र मोडणार, असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. बाईंनी समितीला पिंप दाखवायचे ठरवले. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. ते म्हणाले, "बाई, डिचोलीवर बॉम्ब टाकून शत्रूला मिळणार काय? खाणीची माती?" सभा हसली. बाईही हसल्या आणि चालू ट्रान्झिस्टर त्यांनी पिंपात ठेवला. पणजी केंद्रावर भजन लागले होते. पिंप नीट बंद असेल तर बाहेरच्या लहरी आत शिरणार नाहीत आणि आवाज थांबायला हवा होता. बाईंनी कडी आवळली. आत भजन चालूच राहिले.

"देव काय तुमच्या डब्यात कोंडला जात नाय," आबा म्हणाले.

बाईंनी पिंपाच्या काठावरून बोट फिरवले. पावसाळ्याआधी आपल्याकडे खिडकीच्या गजापासून गेटापर्यंत सगळ्या लोखंडाला तेलरंग लागतो; बाईंनी स्वतःच्या हाताने पिंपालाही काठापर्यंत लावला होता. झाकण आणि पिंप यांच्यामध्ये रंगाचा पडदा आला होता, धातू धातूला टेकतच नव्हता. "चूक माझी," त्या सर्वांदेखत म्हणाल्या. माझ्या पिशवीतला पॉलिश पेपर घेऊन, पदर खोचून त्या जमिनीवर बसल्या आणि काठ घासू लागल्या. मला हात लावू दिला नाही. समिती ताटकळत राहिली. मग पुन्हा ट्रान्झिस्टर आत गेला, कडी बसली आणि भजन थांबले.

तरीही हात वर झाले ते संगणकाच्याच बाजूने. बाई उठल्या. "आबा, संगणक आणा, मुलांनी शिकलेच पाहिजे. खोली तुमची आहे, ती घ्या. रविवारची हाक माझी आहे, ती मिळणार नाही."

पिंप त्यांनी माझ्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर धरून घरी नेले. त्याच रविवारी त्यांच्या परसातल्या दोन माडांमध्ये तार चढली आणि नेहमीच्या वेळी आमची नावे पुकारली गेली. आबांनी पुढे कधी आपले मत बदलले नाही, बाईंनीही नाही. चतुर्थीला दोन्ही घरांत करंज्यांसारख्या नेवऱ्यांची ताटे मात्र येत-जात राहिली.

माझे वडील वारले तेव्हा बाई पेडण्याला आमच्या घरी येऊन घटकाभर नुसत्या बसून गेल्या. सुतकात रविवारच्या हाकेला मी उत्तर देत नव्हतो, फक्त ऐकत होतो. बाईंनी माझे नाव गाळले नाही. ते पुकारले, इतरांसाठी थांबत तितक्याच थांबल्या आणि मग पुढचे नाव घेतले. त्या थांबण्याने मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या सांत्वनाने दिला नाही.

आज पंचाहत्तरीतही बाईंना कुणीतरी विचारतेच की हे सगळे कशासाठी. मी देवापुढे रोज दिवा लावणारा माणूस आहे. मला हा प्रश्न कधी पडला नाही. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो. आणि देवाच्या कृपेने त्यांची ही सारी तयारी जन्मभर वाया जावो. वाया गेली तरी येत्या रविवारी त्या आमची नावे पुकारतील, आणि आम्ही सगळे हजर असू.