मापारीमामांचा लाभ

आमच्या नांदुऱ्याच्या फुटबॉल टीमचा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक मॅचकडे पाठ करून बसायचा. मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगत नाही. तेवढा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही. मालधक्क्यामागच्या मैदानावर आम्ही अकरा जण धूळ उडवत असायचो, कडेला पन्नास-साठ माणसं ओरडत असायची, आणि मापारीमामा मालधक्क्याच्या भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसलेले असायचे. नवख्याला वाटे, म्हातारा कशावरून तरी रुसलाय. तो रुसला नव्हता. त्याला तसं बसायला आम्ही लावलं होतं. आम्ही म्हणजे मी.

मामा धान्यबाजारात मापारी होते. पायलीनं ज्वारी मोजायची, पोत्यात ओतायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा म्हणायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. त्यापायी उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरला होता. संध्याकाळी कानामागचा भुसा तसाच घेऊन ते थेट मैदानावर यायचे आणि टेकता टेकता म्हणायचे, "थकलो बाप्पा." तब्येत विचारली तरी हेच, पाऊसपाणी विचारलं तरी हेच. रविवारच्या मॅचबद्दल विचारलं तर मात्र दम लागेपर्यंत बोलत.

आमची टीम जिल्ह्याच्या लीगमध्ये दुसऱ्या वर्गात होती. वरच्या वर्गात जायचं स्वप्न दर साली पडायचं आणि दर साली संक्रांतीच्या आत मोडायचं. आम्ही पोरं दोन दिवस तोंड पाडून हिंडायचो आणि विसरायचो. मामा विसरत नसत. रविवारची मॅच हरली की सोमवारी सकाळी ते पुढच्या रविवारची चौकशी करत. कोणाचा गुडघा कसा आहे, कोणाला शेतावरून सुटी मिळणार आहे, समोरच्यांचा तो लांब्या पोट्टा येणार आहे की नाही. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत नीट कळले नाहीत. ऑफसाइडवर तर त्यांचा रागच होता. माणूस नुसता पुढं जाऊन उभा राहिला तर त्यात गुन्हा कसला, असं ते मला दर महिन्याला विचारत, आणि मी दर महिन्याला समजावून थकत असे.

मी गोलकीपर. त्यामुळे त्यांचा माझ्यावर विशेष जीव. ते म्हणायचे, "तू अन् मी सारखेच, बाबू. बाकीचे पोट्टे धावतेत, आपण एका जागी वाकून राह्यतो." मला तेव्हा याचा थोडा रागच यायचा. वीस-बावीसच्या वयात कोणाला म्हाताऱ्यासारखं व्हायचं असतं?

आता लाभाचं सांगतो. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही. पहिलं माप म्हणजे 'लाभ'. लाभ, मग दोन, मग तीन. मामांच्या तोंडातून 'एक' हा आकडा निघायचाच नाही. घरी सून भाकरी किती वाढू म्हणाली तरी 'लाभ' म्हणायचे, असं लोक सांगत. साहजिकच, आमचा पहिला गोल झाला की मामा बाजारातल्या त्या खणखणीत आवाजात ओरडायचे, "लाभ!" आणि सगळं मैदान खूश व्हायचं.

पण जीभ काही टीम ओळखत नाही. त्या सालच्या सुरुवातीलाच शेगावकरांनी आमच्यावर पहिला गोल केला आणि मामा सवयीनं ओरडले, "लाभ!" लोक हसले. मामा ओशाळले, कानाला हात लावला. आम्ही हरलो. पुढच्या मॅचला पुन्हा तेच. समोरच्यांचा गोल, मामांचा लाभ, आमची हार. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. त्या मॅचला मी अगदी हातातला बॉल सोडला होता. कोपर सोललेलं, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मला कोणाच्या तरी माथी ते मारायचं होतं. मी चारचौघांत म्हणालो, "मामा, तुमचा पाय पांढरा हाये. मॅचले येत नका जाऊ."

पांढऱ्या पायाचा, म्हणजे जाईल तिथं वाटोळं करणारा. बापाच्या वयाच्या माणसाला असं कोणी बोलत नाही. मामा नुसते "बरं बाप्पा" म्हणाले आणि उठले.

पुढच्या रविवारी ते आले, पण लांब बसले, भिंतीकडे तोंड करून. दुपट्ट्याचं टोक तोंडात धरलेलं, चुकून शब्द निसटायला नको म्हणून. आणि काय सांगावं, आम्ही जिंकलो! त्याच्या पुढची जिंकली, त्याच्या पुढचीही. मग काय, सगळ्या गावाचा विश्वास बसला. सर्वांत पक्का विश्वास मामांचा बसला. मी एकदा ओढूनताणून म्हणालो, चला, आता पुढं येऊन बसा. तर मलाच रागावले.

असं करत शेवटची मॅच आली. खामगावशी, आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या वर्गात जाणार होतो. मामांसाठी तीच शेवटची मॅच होती, कारण बाजारात किलोचे काटे आले होते, पायली बंद पडत चालली होती, आणि नागपूरचा मुलगा त्यांना कायमचं न्यायला येणार होता. मॅच रविवारी, गाडी मंगळवारी. तो सबंध आठवडा मामा थकलो म्हणायचं विसरले. रोज माझ्या घराच्या ओट्यावर येऊन बसत. मी काय खाल्लं, हात कसा आहे, झोप लागते का, सगळं विचारून घेत. माझी आई म्हणाली, याच्या लग्नात याचा बापही एवढी चौकशी करणार नाही.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. गाठोडी बांधून ठेवलेली होती. मी म्हणालो, मामा, उद्या समोर बसा, शेवटची मॅच डोळ्यांनी पाहा. त्यांनी एका गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाले, "माह्या डोळ्यापायी तुमचा वरचा वर्ग काऊन जावा? मी ऐकीन ना. ऐकू त येते मले." मी अजून आग्रह करायला हवा होता. केला नाही. खरं सांगतो, त्यांनी नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं.

मॅच झाली. पहिल्या हाफात खामगावच्या लांब्यानं मारलेला एक बॉल मी आडवा झेपावून धरला. माझ्या उभ्या आयुष्यात मी तसा बॉल पुन्हा धरला नाही. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. दुसऱ्या हाफात, संपायला थोडा वेळ उरला असताना, एक साधा गुडघाभर बॉल आला. पोरगंही धरेल असा. तो माझ्या दोन हातांमधून आत गेला. एक-शून्य. शिट्टी झाली आणि आम्ही दुसऱ्या वर्गातच राहिलो.

टीम घोळक्यानं उभी होती. कोणी मला शिव्या देत नव्हतं, पण कोणी जवळही येत नव्हतं. तेवढ्यात मामा भिंतीकडून चालत आले. दुपट्टा हातात, ओला झालेला. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलं बाबू," ते म्हणाले. "मीनं एक खेप वळून पाह्यलं."

मी विचारलं, कधी?

"पैल्या हाफात. लै गिल्ला झाला त राह्यवलं नाही. तूनं तो बॉल धरला, तेवढंच पाह्यलं. बेस धरला बाप्पा."

भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्यापासून त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला खेळ तेवढाच. घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "तरीच!" आणि सगळ्यांची नजर माझ्यावरून उतरून मामांवर गेली. ते मला स्पष्ट जाणवलं. खांद्यावरून पोतं उतरावं तसं.

मामांनी मला विचारलं, "त्यानंच गेलं ना?"

नाही म्हणायला काय लागलं असतं? बॉल माझ्या हातून सुटला होता, तुमचं बघणं आणि तो गोल यांचा काही संबंध नाही, एवढंच सांगायचं होतं. मामांनी ते मानलंही असतं. माझा शब्द ते मानायचे. मी सगळ्यांसमोर मान हलवली. हो म्हणून.

मंगळवारी स्टेशनवर मी गेलो नाही.