हादरेमामांची मोजणी

माझ्या मामांना सगळी गल्ली 'हादरेमामा' म्हणायची. भूकंप नोंदवणाऱ्या केंद्रात त्यांची एकतीस वर्षं गेली. तळघरात खडकावर उभारलेला एक खांब, त्यावर यंत्र आणि फिरत्या कागदावर रेघ ओढणारी सुई. त्या सुईला मामा जितकं जपायचे तितकं मामीला जपलं असतं, तर त्यांना घरी जरा कमी ऐकावं लागलं असतं. बाहेरून ट्रक गेला तरी सुई थरथरायची आणि मामा वहीत इमानदारीनं लिहायचे, 'ट्रक'.

घरी आले की शिकवणी सुरू.

"जमिनीखालचे खडक एकमेकांना रेटत असतात. वर्षानुवर्षं ताण साठतो आणि एक दिवस ते कडकन तुटतात. तिथून लाटा निघतात. पहिली वेगवान, ती नुसता धक्का देते. दुसरी मागून येते, ती जमीन आडवी हलवते आणि घरं पाडते. दोघींच्या मधले सेकंद मोजा, आठानं गुणा, की भूकंप साधारण किती किलोमीटरवर झाला ते कळतं!"

"वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत मोजतो, तसं?" मी विचारायचे.

"अगदी तसं! म्हणून पहिला धक्का आला की सगळ्यांनी मोठ्यानं मोजायचं."

एक तरी भूकंप यंत्राशिवाय, स्वतःच्या तोंडानं मोजायचा, ही त्यांची जन्माची हौस. पण धक्का यायचा तेव्हा स्वारी नेमकी आंघोळीला गेलेली असायची.

गल्लीतलं एकूण एक कपाट मामांनी मागे लागून भिंतीला पक्कं करवलं होतं. आमचं लोखंडी कपाट तेवढं मोकळं. पट्टी आणि चार स्क्रू तीन वर्षं टेबलाच्या खणात पडून होते. "रविवारी नक्की," मामा म्हणायचे. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," असं म्हणून मामी त्याच कपाटाशेजारी शिवणयंत्रावर बसायची.

रविवार आला, पण भूकंप घेऊन. दुपारी कपबशा खुळखुळल्या. मी तडक टेबलाखाली. मोजायचं वगैरे मला काही सुचलं नाही.

"एक!" मामा दारातून ओरडले. काय तो आनंद चेहऱ्यावर!

"दोन!" मामीनं बसल्या जागेवरून साथ दिली. जन्मात एकदाच तिनं नवऱ्याचं ऐकलं, तेही नको तेव्हा.

"तीन! चार..."

कपाटाचं दार थडथडलं. मामांनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झेप घेतली, मामीला दंडाला धरून टेबलाखाली ढकललं आणि मागोमाग स्वतः शिरले. तेवढ्यात दुसरी लाट आली. जमीन आडवे हिसके देऊ लागली आणि कपाट धाडकन मामीच्या खुर्चीवर कोसळलं.

सगळं थांबलं तरी मामा तिचा हात सोडेनात.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "आधी टेबलाखाली शिरायचं. मोजायला यंत्र आहे की. मी तुला तिथे मोजत बसवलं." ते रडत होते. मामांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही रडू फुटलं.

मामीनं त्यांच्या चष्म्यावरची धूळ पुसली. "चारवरच थांबलात की हो!"

"राहिली मोजणी. राहू दे."

"राहील कशी? मी मोजत होते मनात. आठ झाले."

मामांनी डोळे मिटले. "चौसष्ट किलोमीटर," ते पुटपुटले.

"बरं. आता ते स्क्रू कुठायत?"

मामांनी टेबलाखालूनच हात बाहेर काढला आणि डोक्यावरचा खण ओढला.