हॅनामावशींचं वेखंड

तेल अवीवच्या विमानतळावर तपासणीच्या मुलीने माझी पुडी उघडली, हुंगली आणि तीनदा शिंकली. मी परवान्याचा कागद पुढे धरूनच उभी होते. वेखंडाच्या मुळीतली उडून जाणारी द्रव्यं बेर्शेबाच्या विद्यापीठात तपासायला मी पुण्याहून आले होते. पुडी घेतल्याशिवाय हलणार नव्हते.

बसने बेर्शेबाला पोचले तेव्हा उन्हाने जीव नकोसा झाला होता. उतरले हॅनामावशींकडे. त्या ठाण्यात आईच्या शेजारी राहायच्या, मग इतर ज्यूंसारख्या इथे येऊन वसल्या. नारळाच्या दुधातली मच्छी वाढताना त्यांनी विचारलं, "वेखंडासाठी एवढ्या लांब आलीस गो?"

मग त्यांनी कपाटातून डबा काढला. रेवदंड्याहून आणलेल्या दोन मुळ्या. पणतवंड दोन महिन्यांचं होतं, त्याच्या गुटीत उगाळायला जपलेल्या. पण त्याची आई, मावशींची नात शीर, रोज हिब्रूत एकच म्हणायची, "लो, सावता" (नको, आजी).

"यातली एक पण तुझ्या त्या मशीनला दाखव. मग कळेल तिला कोण खरं ते."

मी मावशींच्याच बाजूची. वेखंड चाटूनच तर वाढले होते.

विद्यापीठातलं यंत्र तेलाची वाफ करून त्यातली द्रव्यं वेगळी काढतं. कागदावर प्रत्येकाचं टोक उमटतं, जे जास्त त्याचं उंच. तिसऱ्या दिवशी निकाल आला. माझी मुळी असो की मावशींची, सगळ्यात उंच टोक असारोनचं. प्रयोगातल्या प्राण्यांना अपाय करणारं द्रव्य. बाळाच्या तोंडात घालायचं ते नव्हेच.

परतताना बसमध्ये वाटलं, निकाल आलाच नाही म्हणून सांगावं. स्वतःचीच लाज वाटली. घरी गेल्या गेल्या कागद मावशींपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "खोटं बोलली असतीस तरी मला काय कळणार होतं?"

"म्हणूनच खरं सांगितलं, मावशी."

डबा त्यांनी स्वतः शीरच्या हातात दिला. "कपड्यांत ठेव. कसर लागत नाही." बाळ मावशींच्या मांडीवर ठेवून शीर चहा करायला गेली.

पुण्यात घरात शिरले, तर दादाच्या महिन्याच्या मुलीसाठी आई सहाणेवर गुटी उगाळत बसलेली. परक्या घरी खरं बोलायला धीर लागला होता; इथे आईपुढे त्याहून जास्त लागणार होता, कारण तिने मलाही हीच गुटी दिली होती. बॅग टेकवली, ओली मुळी तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, "आई, वेखंड बंद. का ते सांगते, आधी ऐकून घे."