पाबे घाट, गिअरबॉक्सचा दिवा आणि गाडीची ओटी

माझी गाडी विकायला निघाली आहे, ही बातमी मला गाडी बघायला आलेल्या माणसाने दिली. गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात एक सभ्य गृहस्थ. म्हणाले, "गाडी बघायला आलोय." मी म्हटलं, "बघा की. खाली उभी आहे, येणारे-जाणारे रोजच बघतात." ते कसनुसं हसले आणि म्हणाले, "साहेबांशी बोलणं झालंय." साहेब, म्हणजे माझा अठ्ठावीस वर्षांचा जुना नवरा, त्या वेळी आंघोळीला गेला होता. त्या दिवशी त्याची आंघोळ पाऊण तास चालली.

आता गाडीची ओळख करून देते. पंधरा वर्षांची ऑटोमॅटिक, मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या फंडातून सेकंडहँड घेतलेली. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि क्लच दाबायचं म्हटलं की तो संपावर जातो. त्यामुळे मला चालवता येईल अशी ही एकच गाडी. ही आहे म्हणून मनात आलं की मी एकटी माहेरी, वेल्ह्याच्या पुढे पासलीला जाते. ही गेली की मी शेजारच्या सीटवर, आणि माहेर साहेबांच्या सवडीने. ती सवड वर्षातून दोनदा होते.

विकायचं कारण साहेबांनी केस पुसत पुसत सांगितलं. दिवाळीआधी पाबे घाट चढताना गिअरबॉक्सचं तेल तापलं होतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. दोन तास मी एकटी घाटात बसून होते, मोबाईलला रेंज नाही. "पुन्हा लागला की काय करशील?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "कूलर बसवेन." कामथडीच्या मेस्त्रीने मला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं की तेल गार करायची एक वेगळी जाळी मिळते. साहेब म्हणाले, "ठीक. बसव, पासलीला जाऊन पाबे घाटाने परत ये. दिवा लागला तर सोमवारी गाडी त्या गृहस्थांची. नाही लागला तर तुझी."

"ती तशीही माझीच आहे," मी म्हटलं. पण अट मान्य केली, कारण शब्द पाळण्याच्या बाबतीत हा माणूस भलताच कर्मठ आहे. पंच म्हणून साहेब शेजारी बसणार होते.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, पुढे नसरापूरचा फाटा सोडला की कामथडी. सातारा रस्त्यावर शनिवारी याहून उशिरा निघू नका, महाबळेश्वरला निघालेलं अर्धं पुणे आडवं येतं. गारठा होता, भातं कापून झाली होती, खाचरांत पेंढ्यांचे भारे उभे होते. साहेबांनी खिडकी उघडून छान श्वास घेतला आणि लगेच डॅशबोर्डकडे वाकून बघितलं. सपाट रस्त्यावर. मी रेडिओ मोठा केला.

संपत मेस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे चिंच. मेस्त्री साठीकडे झुकलेले, बोलणं सावकाश. कूलर मी पुण्यातून घेऊन गेले होते: वहीएवढी ॲल्युमिनियमची जाळी, तिला दोन तोंडं. मेस्त्रींनी तो हातात घेऊन साहेबांना समजावायला सुरुवात केली. गाडी बाईची असली तरी समजावायचं पुरुषाला, हा आपल्याकडचा जुना नेम.

"ह्ये बगा साहेब. ऑटोमॅटिकमधी क्लचचं काम तेलच करतंय. चढाला ते घुसळून घुसळून तापतंय. रेडिएटरमधी त्याला गार करायची सोय हाय, पर घाटाला ती पुरत न्हाई. म्हून रेडिएटरमधनं भाईर आलेलं तेल ह्या जाळीतनं फिरवायचं आन मग गिअरबॉक्सात धाडायचं. जाळीला म्होरनं वारं लागलं पायजे, बास."

"गाडी माझी आहे, मेस्त्री," मी म्हटलं.

"व्हय का? मग तुमी हिकडं या ताई," असं म्हणून मेस्त्रींनी तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

मग पहिली अडचण आली. दुकानदाराने कूलरसोबत दिलेला रबरी पाइप मेस्त्रींनी दोन बोटांत दाबला आणि बाजूला ठेवला. "ह्यो पाण्याचा. गरम तेलानं चार म्हैन्यात फुगल आन घाटातच फुटंल. तेलाचा पाइप येगळा असतोय." त्यांनी भोरला एका दुकानात फोन लावला. मला वाटलं, आता कुणीतरी मोटरसायकलवरून येणार आणि आमची दुपार होणार. तसं काही नव्हतं. दुकानदाराने पाइप गुंडाळून स्वारगेटच्या एसटीत ड्रायव्हरकडे दिला.

"ड्रायव्हर आणून देईल?" साहेबांना खरं वाटेना.

"हितं एसटीनं जेवणाचं डबं येत्यात, औषिदं येत्यात. येकदा कोंबडा आल्ता," मेस्त्री म्हणाले.

तोवर आम्ही जवळच्याच हॉटेलात मिसळ खाल्ली. रस्सा तिखट, पाव ताजे, दोघांचं मिळून दोनशेच्या आत. परत येतो तर मेस्त्री हायवेच्या कडेला उभे. एसटी आली, हळू झाली, ड्रायव्हरच्या खिडकीतून हात बाहेर आला, वेटोळं मेस्त्रींच्या हातात पडलं आणि गाडी पुढे. पुरती थांबलीसुद्धा नाही. मागच्या खिडकीतल्या एका आजीबाईंनी मात्र आमच्याकडे मान वळवून वळवून पाहिलं.

बसवायला अडीच तास लागले. तुम्ही बसवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. रेडिएटरला तेलाचे दोन पाइप असतात, त्यांतल्या कोणत्या पाइपातून तेल परत येतं ते आधी खात्रीने बघा. मेस्त्रींनी एक पाइप सोडून त्याचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं, मला क्षणभर सेल मारायला सांगितलं, लाल तेल आलं तसा लगेच हात वर केला. जाळी त्यांनी बंपर काढून रेडिएटरच्या पुढे दोन पट्ट्यांवर बोल्टने कसली. काही जण प्लॅस्टिकच्या टायने थेट रेडिएटरलाच बांधतात, ती घासून रेडिएटर गळायला लागतो. पाइप कुठे मुडपला नाही, पंख्याला लागत नाही, हे हात फिरवून पाहिलं. शेवटी इंजिन चालू ठेवून, गिअर पीमध्ये, म्हणजे पार्किंगला, ठेवून तेलाची पट्टी तपासली आणि कमी झालेलं तेल भरलं. कूलर, पाइप आणि तेल साडेपाच हजार, मजुरी दीड हजार.

मग किकवीपर्यंत जाऊन आलो. मेस्त्री मागे बसले होते. परत आल्यावर त्यांनी गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि आम्ही तिघं चहा पीत त्या पुठ्ठ्याकडे बघत बसलो. एक थेंब पडला नाही. साहेबांनी पुठ्ठा स्वतः उचलून उजेडात धरून पाहिला.

नसरापूरहून आत वळून मार्गासनीवरून वेल्हे. रस्ता बराच सुधारलाय, मधे मधे काम चालू आहे तिथे तेवढा धुरळा. वेल्ह्यात पेट्रोल आणि चहा उरकून घ्या. तिथून पासली. माझा धाकटा भाऊ बापू आणि त्याची बायको शोभा वाट बघत होते. नव्या इंद्रायणीचा भात, गावठी कोंबडीचा रस्सा, आणि साहेबांना तीन वेळा आग्रह. जावई असण्याचा हा एक फायदा साहेबांनी आजवर कधी नाकारलेला नाही.

रविवारी सकाळी निघायची तयारी केली आणि शोभा ताट घेऊन दारात उभी. हळद, कुंकू, नारळ, तांदूळ आणि चांगला लांबरुंद हिरवा खण.

"अगं, माझी ओटी काल भरलीस की," मी म्हटलं.

"तुमची न्हाई वन्सं, गाडीची. नवी वस्तू बसवलीया म्हणं. तुमी माहेरवाशीण, ती बी माहेरवाशीणच. रिकामी कशी धाडायची?"

गाडीची ओटी मी पहिल्यांदाच बघत होते. तांदूळ बॉनेटवर, नारळ सीटवर. खण कुठे, यावर जरा चर्चा झाली. बापू म्हणाला, "दाजींचा मान हाय, दाजी बांधतील तिथं." दाजींना एकदम स्फुरण चढलं. त्यांनी खण पुढच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला, चारी कोपऱ्यांना दोऱ्या लावून दुहेरी गाठी मारल्या आणि त्यावर झेंडूचे दोन जाडजूड हार चढवले. मग चार पावलं मागे जाऊन कौतुकाने बघितलं. मीही फोटो काढले. मेस्त्रींनी मला दोनदा शिकवलेला धडा तेव्हा माझ्या डोक्यात कुठे झोपला होता कोण जाणे.

वेल्ह्यापर्यंत फारसा चढ नाही, गाडी मजेत आली. पाबे घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, पिवळा दिवा लागला.

"लागला," साहेब म्हणाले. बस्स, एवढंच.

मी रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. असं झालं तर इंजिन लगेच बंद करू नका, पीमध्ये ठेवून चालू राहू द्या, तेल फिरत राहिलं तर लवकर निवतं. मी बॉनेट उघडून उभी राहिले. खरं सांगते, रडूच आलं. सात हजार गेले त्याचं नाही. उद्यापासून पासलीला जायचं म्हणजे कुणालातरी विचारायचं, याचं. साहेब "मी म्हटलं नव्हतं" असं म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं, पण त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

वरच्या उतारावरून शेळ्या खाली आल्या आणि त्यांच्यामागे एक बाई, माझ्याच वयाची, हातात कोयती.

"काय झालं वो?"

"तापली," मी म्हटलं.

तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढे येऊन थांबली. "तापंल न्हाईतर काय. तोंडाला मुसकं बांदून चढाला जुपलीया. बैलाला बी आमी मळणीपुरतंच बांदतो, खाऊ नये म्हून. हिनं काय खाल्लं तुमचं?"

मी खणाकडे बघितलं. ताणलेला, हिरवागार, आणि त्यामागे मेस्त्रींची वारा मागणारी जाळी.

"कुनी बांदलं?" बाईने विचारलं.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब शेळ्यांकडे बघत होते. "जावईबापूंनी," मी म्हटलं.

बाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की दोन शेळ्या बुजल्या. साहेबांनी खाली बसून गाठी सोडायला घेतल्या. दुहेरी होत्या, स्वतःच मारलेल्या, आणि आता सुटेनात. शेवटी तिने कोयतीने दोऱ्या कापल्या. हार शेळ्यांनी खाल्ले.

"हा दिवा धरायचा नाही," मी म्हटलं.

"दिवा तो दिवा," साहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"गाठ तुमची."

"भांडताय कशाला," ती बाई म्हणाली. "खाली जावा आन पुन्यांदा चढून दावा की. म्या हाय हितं."

साहेबांनी थोडा विचार करून मान डोलावली. दिवा विझल्यावर चांगला अर्धा तास थांबलो, गाडी वळवली आणि घाट पूर्ण उतरून पायथ्याशी आलो. तिथून पुन्हा चढायला लागलो. साहेब खणाची घडी मांडीवर घेऊन दिव्यावर नजर लावून बसले होते. मला राग येत होता. दिवा लागायची हा माणूस कशी वाट बघतोय बघा, असं मनात म्हणत मी वळणं घेत होते. तिसरं वळण गेलं, बाईने हात केला. त्याच्या पुढचा चढ सगळ्यात वाईट. तिथे इंजिनाच्या आवाजात मला शेजारून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. कान दिला.

"नको लागू. नको लागू रे बाबा."

माझं वळण जरा मोठंच पडलं. पण दिवा लागला नाही, अगदी वरच्या खिंडीपर्यंत लागला नाही.

खिंडीत थांबून लिंबू सरबत घेतलं. समोर तोरणा लख्ख दिसत होता. साहेब ग्लास हातात धरून म्हणाले, "त्या दिवशी दोन तास तुझा फोन लागत नव्हता. दोन तास. मी काय काय मनात आणलं असेल तुला कल्पना नाही."

"मग हे मला सांगायचं. गाडी का विकायची?"

"सांगितलं असतं तर तू गेली नसतीस का घाटात?"

"गेले असते," मी म्हटलं. "पण तुम्हाला सांगून."

मी सरबताचे पैसे दिले आणि आम्ही खानापूर, डोणजेवरून संध्याकाळच्या आत घरी आलो. सिंहगड रस्त्यावर रविवारची जी गर्दी लागली तिच्यात गाडी तासभर रांगत होती, तरी दिवा आपला गप्प. साहेबांनी त्याच्याकडे बघणंही सोडून दिलं होतं, झोपले होते.

या प्रवासातून काय मिळालं म्हणाल, तर कूलर चांगला आहे, ऑटोमॅटिक घेऊन घाटात जाणाऱ्यांनी जरूर बसवावा आणि त्याच्या पुढे काहीही बांधू नये. बाकी मला जे मिळालं ते सोमवारी सकाळी.

नऊ वाजता त्या सभ्य गृहस्थांचा फोन आला. साहेब चहा पीत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला उगाच बोलावलं हो. गाडी माझी नाही, बायकोची आहे. मी तिला न विचारता बोललो, माझं चुकलं. तिलाच विचारा." आणि फोन माझ्यापुढे धरला.

गेल्या अठ्ठावीस वर्षांत 'माझं चुकलं' हे वाक्य मी या घरात ऐकलं नव्हतं. मी पदराला हात पुसले आणि फोन घेतला.

"मॅडम, मग देणार का गाडी?" पलीकडून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मला लागते."